सरळ रेषेचा हिशेब

व्यापारी घराण्यांत काही वस्तूंची नोंद वहीत नसते, तरी त्यांचे मोल घरातील प्रत्येकाला ठाऊक असते. आजोबांच्या काळातील मोटार ही अशीच एक वस्तू. चातुर्मास संपून लग्नसराई जवळ आली की तिच्यावरील आच्छादन निघते आणि नवरदेवाला याच गाडीतून न्यायचे, असे ठरते. रंग, गाद्या, क्रोमची चकाकी यांवर खर्च करताना कोणी हात आखडता घेत नाही. चाके एका रेषेत आहेत की नाहीत, हा प्रश्न मात्र सर्वांत शेवटी सुचतो. वास्तविक गाडीत बसणाऱ्यांचा जीव त्याच रेषेवर अवलंबून असतो.

या जुन्या गाड्यांशी जैन समाजाचे नाते निकटचे आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात 1882 मध्ये जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. याच कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यातून पुढे फियाट 1100 बाहेर पडली आणि 1970 च्या दशकात तिलाच ‘पद्मिनी’ हे नाव मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती घरोघरी परिचित झाली. आज ज्यांच्या दारी ती उभी आहे, त्यांच्याकडे केवळ एक वाहन नसून उद्यमशीलतेचा वारसा आहे. वारसा सांभाळायचा, तर तो बाहेरून पुसून भागत नाही.

अलाइनमेंट म्हणजे चाकांच्या तीन कोनांचा मेळ. गाडीसमोर उभे राहून पाहिले असता चाक वरच्या बाजूने आत वा बाहेर किती झुकले आहे, तो कॅम्बर. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष मागे किती कलला आहे, तो कास्टर. वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होते ते त्याच्यामुळे. आणि वरून पाहिले असता दोन्ही पुढील चाकांची तोंडे एकमेकांकडे किती वळली आहेत, ते टो-इन. मागील चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हे टो-इन थोडे राखावेच लागते. गाडी धावू लागली की रस्त्याच्या विरोधाने पुढील चाके किंचित बाहेर ढकलली जातात, सांध्यांतील बारीक ढिलाई ताणली जाते आणि मग ती समांतर धावतात.

दोन-तीन मिलिमीटरने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. त्याने हिशेब मांडून पाहावा. जुन्या फियाटच्या टायरचा व्यास सुमारे 60 सेंटीमीटर असतो. टायरच्या पुढील व मागील कडांवर घेतलेल्या मापांत आवश्यकतेपेक्षा 3 मिलिमीटरचा फरक असेल, तर तो व्यासाचा दोनशेवा भाग झाला. म्हणजे प्रत्येक किलोमीटर धावताना दोन्ही चाके मिळून 5 मीटर आडवी घासली जातात. शंभर किलोमीटरच्या यात्रेत हे घासणे अर्धा किलोमीटर होते. टायरवरून आडवा तळहात फिरवला असता एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखे लागले, तर ही नुकसानी चालू आहे असे समजावे. एकच कड झिजली असेल, तर बहुधा कॅम्बर बिघडलेला असतो. दोन्ही कडा झिजल्या असतील, तर हवा कमी ठेवली जाते.

परंतु यापेक्षा महत्त्वाची गोष्ट क्रमाची आहे. अलाइनमेंट हे पहिले काम नसून शेवटचे काम आहे. जुन्या फियाटचे पुढचे चाक किंगपिनभोवती वळते. किंगपिन आणि तिचे बुश वेळेवर ग्रीस न मिळाल्याने झिजतात. ते ढिले असताना कोन कितीही अचूक लावला, तरी पहिल्याच खड्ड्यात तो बदलतो. म्हणून चाक जॅकवर उचलून, वर आणि खाली धरून हलवून पाहावे. हालचाल जाणवली, तर दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. हालचाल थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंगपिनचा किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांचा. नंतर डाव्या-उजव्या बाजूंनी धरून टाय रॉडचे सांधे तपासावेत. मागील पाट्यांचे यू-बोल्ट ढिले होऊन अ‍ॅक्सल सरकला असेल, तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. अशा वेळी पुढील चाकांचे कोन लावून काहीच साधत नाही. दोन्ही बाजूंनी पुढील व मागील चाकांच्या मध्यांतील अंतर मोजले की हे लगेच उघड होते. हे सर्व निस्तरल्यावर कास्टर आणि कॅम्बर पाहावेत. टो-इन सर्वांत शेवटी, कारण आधीचे कोन बदलले की तेही बदलते.

संगणकीय यंत्र उत्तम साधन आहे. पण त्यात आधी भरलेल्या मापांशीच ते तुलना करते. जुन्या गाडीचे नाव यादीत नसले, तर एखादा कारागीर जवळपासची दुसरी गाडी निवडतो, पडद्यावर सर्व आकडे हिरवे होतात आणि छापील कागद मालकाच्या हाती पडतो. हा कागद खोटा नसतो, पण तो दुसऱ्याच गाडीचा असतो. म्हणून गाडीची मूळ पुस्तिका सोबत न्यावी आणि त्यातील आकडे लावण्याचा आग्रह धरावा. मूळच्या नायलॉन टायरऐवजी रेडियल बसवले असतील, तर तेही सांगावे. त्यांना टो-इन सामान्यतः कमी लागते. यंत्र नसले तरी जाणता मिस्त्री सपाट जमिनीवर टायरवर खडूने रेघ ओढतो, चाकाच्या मध्याच्या उंचीवर पुढून माप घेतो, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच रेघेचे मागून माप घेतो. रिमचा वाकडेपणा या रीतीने हिशेबातून निघून जातो.

अचौर्याणुव्रताच्या पाच अतिचारांत कमी-अधिक मापे ठेवणे आणि अस्सलाच्या जागी नकली वस्तू देणे यांची गणना केली आहे. श्रावक हे दुकानाच्या तराजूला लावतो. घरच्या गाडीलाही ते लावले पाहिजे. स्वस्तात मिळालेला नकली बुश आणि दुसऱ्याच गाडीचा हिरवा कागद स्वीकारणारा मालक फसवला जात नाही. तो स्वतःच्या माणसांना फसवतो. गाडीत बसणाऱ्या आजीला किंवा नातवाला किंगपिन ठाऊक नसते. त्यांचा विश्वास चालवणाऱ्यावर असतो. रस्त्यावरून चालणारा परका मनुष्य आणि अचानक आडवे आलेले जनावर यांचेही प्राण त्याच चाकांपुढे असतात. जतनेने चालावे, ही शिकवण पायांपुरती मर्यादित नाही.

कायद्यानेही मर्यादा आखल्या आहेत. 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुने, मूळ स्वरूपातील खासगी वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आणि पुनर्नोंदणीचे 5,000 रुपये आहे. अशी गाडी नित्याच्या वा व्यावसायिक कामासाठी रस्त्यावर नेता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांसाठी मुभा आहे. म्हणून व्हिंटेज नोंदणीच्या गाडीतून वरात काढण्याचा बेत करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे.

एखाद्या घरी तपासणीअंती किंगपिन निकामी निघते, अस्सल सुटा भाग वेळेत मिळत नाही आणि लग्न चार दिवसांवर आलेले असते. तेव्हा वडीलधाऱ्यांनी गाडी मांडवाच्या दाराशी फुलांनी सजवून उभी करावी आणि नवरदेवाला दुसऱ्या गाडीतून पाठवावे. त्यात घराण्याची शोभा उणी होत नाही. जी वस्तू सांभाळायची, ती केव्हा चालवू नये हे ज्याला कळते, त्याच्याच हाती ती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते.