खुंट परदेशी, पाणी कोणाचे?

दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराला युरोपचे नियम तोंडपाठ असतात. कोणत्या औषधाचा अंश किती पीपीएमपर्यंत चालतो, काढणीच्या किती दिवस आधी फवारणी थांबवायची, नमुना कोणत्या प्रयोगशाळेत जातो, हे वणीच्या स्टँडवर चहा पिता पिता कोणीही सांगेल. 2010 साली क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत ‘सीसीसी’च्या, अंशावरून युरोपात कंटेनर अडकले होते. तो हंगाम कोणी विसरलेले नाही. असाच आणखी एक आंतरराष्ट्रीय कागद आहे: युनेस्कोचा सार्वजनिक ग्रंथालयांविषयीचा जाहीरनामा. पहिला 1949 चा, मग 1972 आणि 1994 चा, आणि ग्रंथालयांच्या जागतिक महासंघाबरोबर 2022 मध्ये नव्याने काढलेला. तो वणीत कोणाला ठाऊक असल्याचे आमच्या ऐकिवात नाही. असणार तरी कसा? तो मोडला म्हणून कोणाचा कंटेनर परत येत नाही.

आता तर तो जाहीरनामा काढणाऱ्यांचेच पाय डळमळू लागले आहेत. युनेस्कोतून बाहेर पडण्याचा निर्णय अमेरिकेने जुलै 2025 मध्ये जाहीर केला. डिसेंबर 2026 अखेर तो अमलात येणार आणि संस्थेच्या अंदाजपत्रकातला आठ टक्क्यांच्या आसपासचा वाटा गळणार. जुलै 2025 च्याच पहिल्या तारखेला अमेरिकेची ‘यूएसएड’ ही मदतसंस्था औपचारिकरीत्या मिटली. तिच्या पैशावर जगभर शाळा, वाचनवर्ग, पाठ्यपुस्तके चालत. आपल्या देशातही लहान मुलांना वाचायला शिकवणाऱ्या कार्यक्रमांना तिचा हातभार होता. गेट्स फाउंडेशनने सार्वजनिक ग्रंथालयांचा आपला जागतिक कार्यक्रम त्याआधीच, 2018 अखेर आवरता घेतला. तो निदान सांगून-सवरून, ठरवून. आताची पीछेहाट तशी नाही.

यात वणीचे काय गेले, असे कोणी विचारील. वणीच्या वाचकाला युनेस्कोचा चेक कधी आला होता? आला नव्हता, हे खरेच. पण या संस्थांनी काय दिले आणि काय दिले नाही, हे नीट पाहिल्याशिवाय आपल्यावर काय येऊन ठेपले आहे ते कळणार नाही.

दिल्ली पब्लिक लायब्ररीचे उदाहरण घ्या. 27 ऑक्टोबर 1951 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. युनेस्को आणि भारत सरकार यांचा हा संयुक्त प्रयोग. गरीब, नवसाक्षर देशात कोणालाही विनाशुल्क, थेट कपाटातून पुस्तक उचलून घरी नेऊ देणारे ग्रंथालय चालते का, हे पाहायचे होते. चालले. पुढे युनेस्कोने असेच प्रयोग कोलंबियातल्या मेडेयीनला आणि नायजेरियातल्या एनुगूला केले. दिल्लीत मात्र काही वर्षांत तिने ठरल्याप्रमाणे हात काढून घेतला. दिल्लीचे ग्रंथालय आजही उभे आहे, ते केंद्र सरकारने खर्च अंगावर घेतला म्हणून. मुंबईत ‘प्रथम’चेही तसेच. 1995 मध्ये युनिसेफ आणि महापालिका यांच्या पाठबळावर वस्त्यांतल्या मुलांसाठी ती संस्था उभी राहिली. वाढली ती इथल्या माणसांनी वाढवली म्हणून.

हे बागायतदाराला फोड करून सांगायला नको. त्याच्या बागेतला डॉगरिजचा खुंट मूळचा टेक्सासचा. खारे पाणी, चुनखड जमीन सोसतो म्हणून तो आणला. त्यावर डोळा भरला तो आपल्या पसंतीच्या वाणाचा, आणि पाणी सोडले ते आपल्या विहिरीचे. खुंट परदेशी आहे म्हणून आजवर कोणी अमेरिकेकडे ठिबकच्या नळ्या मागितल्या नाहीत. युनेस्कोचा जाहीरनामा तरी वेगळे काय सांगतो? सार्वजनिक ग्रंथालय ही स्थानिक आणि राष्ट्रीय शासनाची जबाबदारी, त्यासाठी स्वतंत्र कायदा हवा, पैसा शासनाने द्यावा, आणि सेवा तत्त्वतः मोफत असावी. परदेशातून पैसे येतील, असे त्यात कुठेही नाही.

मग आपल्या विहिरीत पाणी किती आहे?

महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्याआधी कोल्हापूर संस्थानाने 1945 मध्येच केला होता, हे अभिमानाने सांगण्यासारखे. पण 1967 च्या कायद्यात एक गोष्ट राहिली, किंवा ठेवली नाही: ग्रंथालयासाठी उपकर. मद्रासच्या 1948 च्या कायद्याने घरपट्टीवर उपकर लावला, आणि आजही तामिळनाडूत रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयाला जातात. कर्नाटक आणि केरळातही उपकर आहे. आपल्याकडे नाही. आपल्याकडे संस्थांनी वाचनालय काढायचे, सभासदांकडून अनामत आणि वर्गणी घ्यायची आणि सरकारी अनुदानाची वाट पाहायची. हे अनुदान नोव्हेंबर 2022 मध्ये साठ टक्क्यांनी वाढवले गेले. त्याचे पेढेही वाटून झाले. सर्वांत खालच्या ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार मिळत, ते 48 हजार झाले.

हा आकडा जरा जवळून बघू. अनुदानाचा निम्मा भाग पगारासाठी. म्हणजे 24 हजार. म्हणजे ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार रुपये. विरळणीला जाणारी बाई आठवडाभरात एवढे कमावते. उरलेल्या 24 हजारांत पुस्तके, वर्तमानपत्रे, मासिके, वीजबिल, भाडे, रजिस्टरे आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांचा चहा. असे वाचनालय ज्याने आतून पाहिले आहे, त्याला ते डोळ्यांसमोर आणायला कष्ट पडणार नाहीत. देवळाची किंवा ग्रामपंचायतीची एक खोली, दोन लोखंडी कपाटे, टेबलावर पोलीस भरती आणि तलाठी भरतीची कडा झिजलेली मार्गदर्शके, पानापानावर जांभळा शिक्का, शेवटच्या पानावर दाखल क्रमांक. सायंकाळी दोन-तीन तास कुलूप उघडणारा माणूस दिवसा दुसरीकडे राबतो. दोन हजारांत त्याने दुसरे काय करावे? बालविभागाच्या कपाटाची किल्ली ‘मागच्यांकडे’ असते. मागचे म्हणजे कोण, हे विचारायचे नाही.

आणि हे ज्या गावांत आहे ती गावे नशीबवान. राज्यात ग्रामपंचायती सुमारे 28 हजार आणि मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालये बारा हजारांच्या आतबाहेर. 2012 च्या पडताळणीनंतर नव्या मान्यता आणि दर्जावाढ वर्षानुवर्षे गोठून राहिल्या. त्या पडताळणीत बोगस वाचनालये सापडली हे नाकारायचे कारण नाही. पण चोर सापडला म्हणून बाजारच बंद ठेवण्याचा हा न्याय द्राक्षांना लावला असता तर 2010 नंतर नाशिकमधून एक पेटी बाहेर गेली नसती. तिथे अंशतपासणीची व्यवस्था कडक केली आणि माल पाठवत राहिले.

आसपास सगळे फिके आहे असेही नाही. चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवरच्या नाशिकचे सार्वजनिक वाचनालय 1840 चे, युनेस्कोपेक्षा शंभरावर वर्षांनी थोरले. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ने 2009 पासून पुस्तकांच्या पेट्या घराघरांत नेल्या आणि त्या पुढे आखातातल्या मराठी घरांपर्यंत गेल्या. पुस्तक नाशिकहून दुबईला जाऊ शकते. वणीच्या पुढे सुरगाण्याच्या रस्त्याला लागायला मात्र त्याला अवघड जाते, हा तेवढा योगायोग नाही. वणी तर लिखाणाला मुळीच नवखी नाही. राष्ट्रकूट राजा तिसरा गोविंद याचा शके 730 चा ताम्रपट इथलाच. तो जिथून दिला गेला ती मयूरखंडी म्हणजे आपला मार्कंड्या डोंगर, असे अभ्यासकांनी ओळखले. गावाचा इतका जुना कागद, खरे तर तांबे, एकोणिसाव्या शतकात छापला गेला तो लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात. तेव्हाही वाचायची सोय परदेशातच होती.

खरी धास्ती वेगळ्याच मुलांची आहे. ऑक्टोबरची छाटणी लागली की सुरगाणा, पेठ या तालुक्यांकडून मजुरांच्या जीपा उतरू लागतात. बिऱ्हाड बागेच्या कडेला, शेडमध्ये. काढणी संपेपर्यंत, म्हणजे पार मार्च-एप्रिलपर्यंत. बरोबर आलेल्या पोराचे नाव एका शाळेच्या पटावर आणि पोर दुसऱ्याच तालुक्यात. घरात ते कोकणा बोली बोलते, पुस्तक मराठीत. अशा मुलाला शाळा गाठता आली नाही तरी संध्याकाळी उघडे दार असलेली एक खोली गाठता येते. त्या खोलीत ठेवायला गोष्टी नाहीत असेही नाही. प्रथम बुक्सने 8 सप्टेंबर 2015 रोजी सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत चित्रगोष्टींचा ढीग पडला आहे, फुकट वाचा, छापून घ्या, स्वतःच्या बोलीत उतरवा. त्यालाही गूगलच्या धर्मादाय शाखेचा पैसा लागला होता. गोष्ट फुकट आहे. ती छापायला कागद, शाई आणि दार उघडून बसणारा माणूस फुकट नाही. जग जे देऊ शकत होते ते देऊन मोकळे झाले आहे. अडले आहे ते आपल्या दोन हजारांवर.

कोणाला वाटेल, परदेशातले आपले मराठी लोक आहेत की. आहेत, आणि मनापासून देतात. पण 2020 च्या परदेशी देणगी कायद्यातल्या दुरुस्तीने असा पैसा एका संस्थेकडून दुसरीकडे देण्यावर बंदी आली. पूर्वी परवाना असलेली मुंबई-पुण्याची मोठी संस्था परदेशी देणगी घेई आणि खेड्यातल्या परवानाधारक लहान संस्थेला त्यातून वाटा देई. आता ती वाट बंद. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र परवाना हवा आणि पैसा आधी उतरणार दिल्लीच्या संसद मार्गावरच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. परदेशी पैशावर नजर असावी याबद्दल आमचा वाद नाही. धर्मादायच्या नावाखाली काय काय चालते ते देशाने पाहिले आहे. पण ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाच्या चिटणिसाने 48 हजारांच्या संसारात दिल्लीचे खाते सांभाळावे, ही अपेक्षा म्हणजे वाट अडवण्याचाच दुसरा प्रकार. केंद्राचे राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान आहे. 1972 साली, युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय ग्रंथवर्षातच ते स्थापन झाले. ते पुस्तके देते, पण मुख्यतः राज्याने आपला हिस्सा घातला तर. म्हणजे गोष्ट फिरून पुन्हा राज्याच्या तिजोरीवरच येते.

तेव्हा कायदा बदलावा लागेल. शहरांतल्या मालमत्ता करावर हे राज्य 1962 च्या कायद्याखाली शिक्षण कर घेते, रोजगार हमीचा करही घेते. ग्रंथालयाचे नाव काढले की मात्र जनतेवर बोजा आठवतो. 1967 च्या कायद्यात उपकराचे कलम घालण्याची मागणी ग्रंथालय चळवळीतली माणसे करत आली आहेत. दिंडोरी आणि कळवणच्या आमदारांनी ती सभागृहात एकदा तरी मांडल्याचे आम्हाला ऐकायचे आहे. तोवर गावाने थांबायचे कारण नाही. गावात वाचनालय स्थापणे आणि चालवणे हे ग्रामपंचायत कायद्याच्या ग्रामसूचीतच आहे.

आपली घरपट्टीची पावती काढून पाहा. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर, पाणीपट्टी, असे रकाने एकाखाली एक छापलेले आहेत. वाचनालयाचा रकाना नाही. तामिळनाडूच्या दराने धरले तर हजार रुपये घरपट्टी भरणाऱ्या घराला तो वर्षाला शंभर रुपये पडेल. चैत्रोत्सवात सप्तशृंगी गडावर एका घराचे ओटी-नारळाला याहून जास्त जातात आणि कोणी कुरकुरत नाही. रकाना यायला विधानसभा लागेल. पण स्वतःच्या उत्पन्नातून वाचनालयाला ठरावीक रक्कम देण्याचा ठराव येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत करायला वणीच्या सरपंचांना संसद मार्गावर खाते उघडावे लागत नाही.