परांचीवरून पडलेला आपलाच माणूस

शेतमालाला भाव नाही, म्हणून कोरडवाहू शेतकऱ्याचे पोर पुण्या-मुंबईच्या बांधकामावर जाते. परांचीवरून पडले की ठेकेदार हातावर चार नोटा ठेवतो, कागदावर अंगठा घेतो आणि एसटीत बसवून देतो. गाव म्हणते, नशीब!

आम्ही म्हणतो, हे नशीब नव्हे, बुडवलेले देणे आहे. भरपाईचा हक्क १९२३ पासून कायद्यात आहे. आता तो २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत आला आहे. हक्क सोडल्याचा कागद कायदा मानत नाही. ठेकेदार पळाला तरी मुख्य मालक सुटत नाही. ईएसआयचा विमा नसेल, तर कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक मजुरीच्या ६० टक्के आणि मृत्यूला ५० टक्के धरून, वयाच्या गुणकाने भरपाई ठरते. दावा दोन वर्षांच्या आत करायचा. तो आपल्या राहत्या जिल्ह्यातही करता येतो.

तेव्हा भावांनो, हजेरीची नोंद, मजुरीचा हिशेब, दवाखान्याचा केसपेपर, पोलिसांतला जबाब जपून ठेवा. अंगठा देण्याआधी बैठकीला या. घामाचे दाम मागणाऱ्यांनी रक्ताचे दाम सोडायचे कसे?