पावसाआधीची माती

ऑगस्ट 2020 मध्ये साना शहरात मुसळधार पाऊस झाला आणि जुन्या वस्तीतली शेकडो वर्षं उभी असलेली घरं खचली. येमेनच्या या राजधानीवर तोवर पाच वर्षं बॉम्ब पडत होते. जून 2015 मध्ये अल-कासिमी मोहल्ल्यातली घरं माणसांसकट ढिगाऱ्यात गेली, तेव्हा त्याची छायाचित्रं जगभर छापून आली. त्याच वर्षी युनेस्कोने ही जुनी वस्ती धोक्यातल्या जागतिक वारशाच्या यादीत घातली. पावसाच्या पडझडीबद्दल एवढं कुणी बोललं नाही, आणि मला तीच जास्त अस्वस्थ करते.

ही घरं म्हणजे मजल्यांवर मजले चढवलेले मनोरे. खाली दगड, वर भाजकी वीट, खिडक्यांभोवती जिप्समची पांढरी नक्षी. तळमजल्यावर पूर्वी धान्य आणि जनावरं असत. सगळ्यात वर मफरज, म्हणजे पाहुण्यांची बैठक. कमानीतल्या रंगीत काचेच्या झरोक्याला कमरिया म्हणतात. अशी सहा हजारांहून अधिक घरं तिथे आहेत. माथ्यावर मात्र आपल्या मराठवाड्यातल्या माळवदासारखं मातीचं छप्पर. पावसाआधी त्यावर नवी माती घालून चोपली नाही, की पाणी भिंतीत उतरतं.

हे काम घरमालक करत आले. पण युद्धात 2016 पासून सरकारी नोकरांचे पगार थकले, रोजगार गेले. घरात पीठ नसलेला माणूस छपराला माती कुठून घालणार? घरं पाडली पावसाने, पण ती पडायला आणून ठेवली होती युद्धाने.

म्हणून 2018 मध्ये युरोपीय संघाच्या पैशातून सुरू झालेलं युनेस्कोचं काम मला मोलाचं वाटतं. स्थानिक तरुणांना मजुरी देऊन त्यांच्याकडून घरं दुरुस्त करून घेतली जातात. मजुरी घरात येते आणि उस्ताच्या, म्हणजे गवंड्याच्या, हाताखाली कसबही शिकून होतं. खोट एकच: प्रकल्पाला मुदत असते, मातीच्या छपराला नसते. देणगीदार देशांनी धान्य आणि औषधांच्या शेजारी ही मजुरी मांडावी आणि मार्चच्या पावसाआधी ती उस्ताच्या हातात पडेल, असं बघावं. जुलैचा पाऊस त्याहून मोठा असतो.