पाकिटातला जुगार

मुलांच्या हातात पत्ते दिसले की आपल्याकडे मोठ्या माणसांचं डोकं एकाच दिशेला धावतं. पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे वाटोळं. मग ते बावन्न पानांचे असोत की पोकेमॉनचे, पुढे विचार करायची गरजच उरत नाही. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या एका शाळेत (नाव लिहीत नाही, लिहून काही साधणार नाही) दप्तरं तपासून पोकेमॉनची कार्डं जप्त झाली आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर त्याचं टाळ्यांनी स्वागत झालं. त्या जप्तीत आमच्या गल्लीतल्या आठवीच्या एका मुलीची वहीही गेली. कार्डांचं मला फारसं दुःख नाही, ती बहुतेक नकलीच होती. वहीचं आहे.

वहीत काय होतं ते कळायला आधी खेळ थोडा समजून घ्यावा लागेल. आपल्या नेहमीच्या पत्त्यांत कॅट सगळ्यांचा एकच असतो आणि नशीब वाटणीत असतं. या खेळात प्रत्येक जण आपला कॅट घरूनच बांधून आणतो. मुलं त्याला ‘डेक’ म्हणतात, मी आपला जुना शब्द वापरतो. हजारो निरनिराळ्या पानांतून बरोबर ६० पानं निवडायची. एका नावाची चारपेक्षा जास्त पानं चालत नाहीत. फक्त साधी ऊर्जेची पानं हवी तेवढी. सुरुवातीला सात पानं हातात घ्यायची, सहा पानं बक्षीस म्हणून पालथी बाजूला ठेवायची. समोरच्याचा पोकेमॉन पाडला की आपल्या बक्षिसातलं पान उचलायचं, सहाही उचलली की डाव जिंकला. हातात पहिल्या सात पानांत निदान एक ‘बेसिक’, म्हणजे मुळातला पोकेमॉन यावाच लागतो. नाही आला तर हात उघडा करून दाखवायचा, पुन्हा पिसायचं, आणि त्याबद्दल समोरच्याला एक पान जादा घेता येतं.

आता वही. मुलांना आवडतात ती मोठी, आग ओकणारी, पंखवाली पानं. पण ती थेट मांडता येत नाहीत. आधी बेसिक मांडावा लागतो, त्याचं रूप पुढे वाढतं. परे टाकलेच नाहीत तर रोवणी कशाची करणार? या मुलीने पहिल्या कॅटमध्ये बेसिक आठच ठेवले होते. पन्नास डाव तिने टिपून ठेवले आणि त्यांपैकी सतरा वेळा पहिल्या हातात एकही बेसिक नव्हता. मी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, गणित नाही. तरी पेन्सिल घेऊन बसलो. साठांत आठ बेसिक, म्हणजे बेसिक नसलेली बावन्न. पहिलं पान बेसिक नसण्याची शक्यता ५२/६०, दुसरं ५१/५९, असे सात अपूर्णांक गुणायचे. उत्तर आलं सुमारे ३५ टक्के. तिचे पन्नासांत सतरा म्हणजे ३४! बेसिक बारा केले तर हीच शक्यता १९ टक्क्यांवर येते. ती बारावर आधीच पोचली होती, सूत्र न शिकता, नुसतं टिपून आणि बदलून.

बरं, बदलायची पद्धत बघा. एका वेळी दोनच पानं बदलायची आणि नंतर वीस डाव काहीही हलवायचं नाही. मी विचारलं, वीस कशाला? तर म्हणाली, “आबाजी, रोज बदललं तर कशानं हरलो ते समजतच नाही नं.” हरलेल्या डावापुढे चार रकाने होते: पानं अडकली, ऊर्जा आली नाही, समोरचा भारी, माझी चूक. चौथ्या रकान्यातल्या खुणा सर्वांत जास्त होत्या. एवढ्या वर्षांत किती विद्यार्थ्यांनी मला आपण होऊन ‘माझी चूक’ असं लिहून दिलं, ते मोजायला एका हाताची बोटं पुरतील. आणि ही वही आपण अभ्यासाला मारक म्हणून कपाटात टाकली. दहावीच्या गणिताच्या पुस्तकात संभाव्यतेचं आख्खं प्रकरण आहे आणि त्यात बावन्न पत्त्यांच्या कॅटमधून एक पान काढायची उदाहरणं आहेत. पुस्तकातला पत्ता चालतो, दप्तरातला चालत नाही, हा कुठला न्याय?

या जातीचे खेळ सुरू झाले १९९३ साली, अमेरिकेत, ‘मॅजिक’ नावाच्या खेळापासून. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे डॉक्टर. पोकेमॉनची पानं त्यानंतर तीन वर्षांनी, १९९६ मध्ये, जपानात आली. मॅजिकमध्ये स्पर्धेच्या कॅटला किमान ६० पानं लागतात, वर कितीही घ्या. नवा खेळाडू हावरटासारखी ऐंशी घेतो, कारण एकही आवडतं पान सोडवत नाही. त्याची शिक्षा त्याला आकड्यांतच मिळते. साठ पानांत एका पानाच्या चार प्रती असतील तर पहिल्या सातांत निदान एक येण्याची शक्यता ४० टक्के; ऐंशी पानांत ती ३१ वर घसरते. म्हणजे भरती करताना त्याने आपलं सर्वांत चांगलं पानच दूर ढकललं. निबंध तपासताना मी हेच लिहीत असे, छान छान वाक्यं आहेत म्हणून सगळीच कशाला ठेवायची!

आणि महागडी पानं म्हणजेच चांगला कॅट, हा समज तर पोरांपेक्षा बापांचाच पक्का असतो. १९९६ मध्येच अमेरिकेतल्या अटलांटाच्या एका पात्रता स्पर्धेत पॉल स्लाय नावाच्या खेळाडूने जे श्नायडर यांनी विचारपूर्वक बांधलेला एक कॅट खेळला. त्यातली कित्येक पानं लोकांनी टाकाऊ म्हणून बाजूला सारलेली होती. पण श्नायडरनी पानांची किंमत, म्हणजे ते पान मांडायला लागणारी शक्ती मोजून, पहिल्या खेपेला काय मांडायचं, दुसऱ्या खेपेला काय, तिसऱ्या खेपेला काय, याचा हिशेब बसवला होता. समोरचा मोठ्या पानांची वाट बघत बसायचा, तोवर डाव अर्धा आटोपलेला असायचा. त्या कॅटला आजही ‘स्लाय’ म्हणूनच ओळखतात. हे वाचून इथल्या धानवाल्या माणसाला नवल वाटणार नाही. सगळ्या बांध्यांत भारी धान लावून पाण्यासाठी आभाळाकडे बघत बसणारा शेतकरी आणि हलकं, मध्यम, भारी असं जमीन-पाणी पाहून वाटून लावणारा शेतकरी, यांतला शहाणा कोण ते आमच्याकडचं पोरगंही सांगेल.

कॅट घोटून घट्ट करणं आपल्यालाही नवं नाही. तीनशे चारचा डाव मांडताना दुऱ्या-तिऱ्यांपासून छक्क्यांपर्यंत सगळी पानं काढून बत्तीसच ठेवतात. त्यात गुलाम ३० गुणांचा, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २. एका रंगाचे ७६, चार रंगांचे ३०४. ज्याने कुणी हे बसवलं तो काही वेळ घालवणारा रिकामटेकडा नव्हता. पाच-तीन-दोनमध्ये तीस पानं, तीन भिडू, दहा हात. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात तर दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी १२० गोल पानं. देवाचे अवतार पत्त्यांवर काढले म्हणून कुणाचा धर्म बुडाला नाही.

मग जुगार कुठे आहे? आहे ना, आणि तो उघड्यावर टांगलेला आहे. किराणा दुकानाच्या दारात शांपूच्या पुड्यांशेजारी दहा-वीस रुपयांच्या कार्डांच्या पाकिटांची माळ लोंबत असते, तिच्यात. आत काय आहे ते फाडल्याशिवाय कळत नाही. पोरगं फाडतं, नको ते निघतं, पुन्हा दहा रुपये. आमच्याकडे मिळतात ती बहुतेक नकली, सोनेरी चकाकीची. त्यांवरचे आकडे इतके बेताल असतात की त्यांनी धड खेळताही येत नाही आणि अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत. पण अस्सल कंपनीचं पाकीटही याच जातीचं, हे स्पष्ट सांगायला हवं. तिथेही बंद कागदात काय आहे ते ठाऊक नसताना पैसे द्यायचे असतात.

थोडा हिशेब करू. समजा हवं ते पान शंभरांत एका पाकिटात निघतं. पोराला वाटतं, शंभर पाकिटं घेतली की मिळणारच. मिळणारच नाही! शंभर फोडूनही ते न मिळण्याची शक्यता ३७ टक्के उरते. वीस रुपयांच्या पाकिटाने दोन हजार रुपये गेले आणि तिघांतला एकाहून जास्त जण रिकाम्या हाताने घरी. हे गणित वर्गात फळ्यावर मांडलं असतं तर जप्तीपेक्षा जास्त काम झालं असतं. बेल्जियमने २०१८ मध्ये व्हिडिओ गेममधल्या अशाच बंद पेट्यांना, ज्या पैसे देऊन उघडायच्या आणि आत काय ते माहीत नसायचं, सरळ जुगार ठरवलं. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीलासुद्धा मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं. त्याच शब्दाचा आडोसा घेऊन पुढे मोबाईलवर रमीचा बाजार बसला आणि अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेला पैसे लावून खेळायचे ऑनलाईन खेळ कायद्याने बंद करावे लागले, कौशल्याचे असोत की नशिबाचे. त्या ऑगस्टपर्यंत रोज रात्री पांघरुणात मोबाईल घेऊन रमी खेळणारे किती बाप त्या व्हॉट्सअॅप गटावर टाळ्या वाजवत होते, हे मी विचारणार नाही. त्यांच्या बायकांना ठाऊक आहे.

म्हणजे झालं काय? जुगाराचा भाग दुकानात राहिला, दहा रुपयांना, शाळेच्या फाटकापासून चार पावलांवर. बुद्धीचा भाग तेवढा जप्त झाला. पोरं पाकिटं फाडतच आहेत, फक्त आता त्यांनी कॅट बांधायचा नाही, खेळायचं नाही, टिपायचं नाही. नुसतं फाडायचं आणि चमकणारं निघालं तर मिरवायचं. बंदीने खेळातला जुगार तेवढा शिल्लक ठेवला!

आता दुसऱ्या बाजूच्यांनाही दोन शब्द, कारण मुलांची बाजू घेतली म्हणजे सगळंच गोड मानायचं असं नाही. इंटरनेटवर जिंकलेल्या कॅटच्या तयार याद्या मिळतात. साठ पानांची यादी उतरवायची, तशीच जुळवायची आणि स्पर्धेला जायचं. मोठे खेळाडूही हे करतात, त्यात लाज नाही म्हणतात. मला ही गाईडं वाटतात. गाईडातलं उत्तर बरोबर असतं, ते का बरोबर आहे एवढंच पोराला माहीत नसतं. यादीत एखादं पान दोनच का आहे, चार का नाही, हे सांगता आलं नाही तर तो कॅट तुझा नव्हे. दोन प्रती असल्या की पहिल्या सात पानांत निदान एक येण्याची शक्यता २२ टक्के; ज्याला हे पान उशिरा लागतं तो दोनच ठेवतो, ज्याला पहिल्या खेपेला हवं तो चार ठेवतो. एवढा विचार करून मग खुशाल यादी बघावी. आधी आपल्या कॅटने वीस डाव हरावं, मग दुसऱ्याचं बघावं. उलट क्रमाने केलं तर हाताला काही लागत नाही.

अभ्यास बुडतो, भांडणं होतात, पैशांवरून चोरी होते, असं पालक म्हणतात. होत असेल. क्रिकेटच्या बॅटवरूनही डोकी फुटलेली मी पाहिली आहेत, मैदानाला कुलूप कुणी लावलं नाही. तास चालू असताना कार्डं काढली तर शिक्षकाने जरूर काढून घ्यावीत, सुटीत परत द्यावीत. पहिली ते आठवीच्या वर्गांना शासनाने ‘आनंददायी शनिवार’ देऊन ठेवलाच आहे. त्यातला एक तास या खेळाला द्या, अट एवढीच की बंद पाकीट आवारात आणायचं नाही आणि प्रत्येकाने वही ठेवायची.

पैशांचं उत्तरही माझ्याकडे आहे. सरावाला खरी पानं लागतच नाहीत. प्रत्येक पानावर काय लिहिलंय ते इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतं. तुळशीचं लग्न झालं की आपल्या प्रत्येकाच्या घरी जाड कागदाच्या पंचवीस-तीस लग्नपत्रिका येऊन पडतात. एका पत्रिकेत दोन-तीन पानं सहज बसतात. सगळे तुकडे एकाच मापाचे कापायचे, नाही तर पिसताना ओळखू येतात. कोऱ्या बाजूला पानाचं नाव, आकडे आणि मजकूर स्वतःच्या अक्षरात लिहायचा. लिहिताना पान पाठच होतं. साठ झाली की बसा खेळायला. पान बदलायचं असेल तर नवा तुकडा कापा, खर्च शून्य. पुढे कधी स्पर्धेला जावंसं वाटलं तर नेमकं हवं ते अस्सल पान सुटं विकत घ्यावं किंवा मित्राशी अदलाबदल करून मिळवावं. फक्त पत्रिकेवरचा गणपतीचा भाग कापू नका, तो आधी नीट बाजूला काढून ठेवा. त्यावरून आमच्याकडे आजीबाईंशी वेगळाच वाद झाला होता.