वाकलेल्या पाठीचा प्रश्न

विद्यार्थी म्हटला की तो तरुण, आणि तरुण म्हटला की तो धडधाकट, हे समीकरण आपल्या मनात पक्के बसले आहे. त्यामुळे विशीतल्या मुलाने मान धरली, कंबर भरून आली किंवा गुडघे ठणकतात अशी तक्रार केली, तर घरची वडीलधारी मंडळी ती हसण्यावारी नेतात. परंतु ही तक्रार आता अपवादाची राहिलेली नाही. देशोदेशीच्या विद्यापीठांत झालेल्या पाहण्यांतून विद्यार्थ्यांचे हे दुखणे वारंवार पुढे आले आहे, आणि ते सहसा एकटे येत नाही. मनावरील ताण आणि बिघडलेले वजन ही त्याची सख्खी भावंडे होत. या तिघांचा एकत्र विचार केल्याखेरीज उपाय सापडणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पुण्याच्या सदाशिव वा नारायण पेठेतील एखाद्या अभ्यासिकेत डोकावावे. पदवीचा अभ्यास आणि स्पर्धा परीक्षेची तयारी असे दुहेरी ओझे वाहणारा विद्यार्थी अरुंद टेबलाशी दहा-दहा तास बसलेला दिसेल. पुस्तकावरून उठलेली दृष्टी विसावते ती मोबाईलवर. मान मात्र वाकलेलीच. माणसाचे डोके साधारण ५ किलो वजनाचे. पण मान ६० अंश झुकली की मणक्यांवर सुमारे २७ किलोंचा भार येतो, असे गणित एका अमेरिकन शल्यविशारदाने २०१४ साली मांडले. त्यात निकालाची धास्ती. ताणाने खांद्यांचे स्नायू नकळत आवळलेले राहतात, झोप तुटते, आणि अपुऱ्या झोपेने वेदना अधिक बोचते. जागरणातली भूक वडापाव आणि चहा-बिस्किटांवर भागते. वजन वाढते, त्याच्या कित्येक पटींनी गुडघ्यावरचा भार वाढतो, म्हणून चालणे टळते. चालणे टळले की वजन आणखी वाढते. दुखण्यापायी अभ्यास मागे पडला की ताणही वाढतो. असे हे रहाटगाडगे आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५ ते ४९ वयाच्या पुरुषांत जादा वजनाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये १८.९ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते २२.९ टक्के झाले. स्त्रियांत ते २०.६ वरून २४ टक्क्यांवर गेले. पण त्याच पाहणीत १६.२ टक्के पुरुष आणि १८.७ टक्के स्त्रिया प्रमाणापेक्षा कमी वजनाच्या आढळल्या, हेही विसरता कामा नये. एकवेळचा डबा लावून पैसे वाचविणारा कृश विद्यार्थीही या दुखण्यातून सुटत नाही. दुबळे स्नायू पाठीला आधार देऊ शकत नाहीत. म्हणून हा प्रश्न केवळ लठ्ठपणाचा नव्हे, आणि चेष्टेचा तर मुळीच नव्हे.

यावर कोणी म्हणेल, पहाटे उठून व्यायाम करायला मुलांना कोणी अडविले आहे? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तथापि वेळापत्रक विद्यार्थी आखत नाही, बाके तो निवडत नाही, आणि मैदानावर वाहनतळ करण्याचा निर्णयही त्याचा नसतो. ज्या संस्था त्याला बसवून ठेवतात, त्यांच्यावर त्याला उठविण्याचीही जबाबदारी येते.

नियमांची वाण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ साली विद्यार्थ्यांची शारीरिक तंदुरुस्ती व मानसिक स्वास्थ्य यांविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस. म्हणजे रोजची जेमतेम बावीस मिनिटे! तेवढी वेळापत्रकात बसवावी, सलग तासिकांमध्ये उभे राहण्याची मुभा द्यावी, शारीरिक शिक्षणाची पदे भरावीत आणि समुपदेशकाने मनाबरोबर झोप, आहार आणि दुखणे यांचीही विचारपूस करावी. यांतले काहीच अशक्य कोटीतले नाही.

अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली आणि पुण्याचे महाराष्ट्रीय मंडळ १९२४ साली उभे राहिले, ते पारतंत्र्यात आणि तुटपुंज्या साधनांवर. शरीर कमावणे हा शिक्षणाचाच भाग आहे, अशी त्या पिढीची श्रद्धा होती. आज विद्यापीठे मोठी झाली, इमारती उंच झाल्या. त्यांतून पदवी घेऊन बाहेर पडणारा तरुण ताठ मानेने चालू शकतो की नाही, याचा हिशेब मात्र कुलगुरूंनी आणि प्राचार्यांनी आतापासूनच ठेवला पाहिजे.