गाडीवर हात बसलाय म्हणे!

शुक्रवारी जेवताना ऑफिसातल्या एका मित्राने जाहीर केलं, "आमण्याला समृद्धीवर चढलो आणि सव्वा तासात शिर्डी!" झालं. टेबलावर पाच मिनिटं नुसतं कौतुक. "काय सांगतोस!", "तुझा हात बसलाय बाबा गाडीवर" वगैरे वगैरे. मी मुकाट्याने डब्यातली उसळ संपवली आणि मनातल्या मनात भागाकार केला. (सवय, दुसरं काय!) समृद्धी एकूण 701 किलोमीटर. डिसेंबर 2022 मध्ये सुरू झालेला नागपूर-शिर्डी टप्पा 520 चा. उरले 181. भागिले सव्वा. म्हणजे सरासरी 145! मर्यादा 120 ची. आणि सरासरी 145 म्हणजे मधेमधे हा प्राणी 160 च्या वर असणार. मागच्या सीटवर आई-वडील.

मंडळी, या सगळ्या हकिगतीत त्याला गाडी चालवता येते याचा एकही पुरावा नाही. सरळसोट सहापदरी रस्त्यावर उजवा पाय दाबून ठेवायला कौशल्य लागत नाही, फक्त पाय लागतो. आजवर क्रॅश झालं नाही म्हणजे कोड बरोबर आहे, असं एखादा फ्रेशर म्हणाला तर आपण त्याला दिवसभर पिडतो. मग गाडीच्या बाबतीत तेच वाक्य आपण स्वतः छाती फुगवून कसं म्हणतो? याला प्रॉडक्शनवर टेस्टिंग म्हणतात, आणि तिथे युजर म्हणजे समोरचा टेम्पोवाला.

थोडं गणित. कोरडा रस्ता, चांगले टायर, पूर्ण ताकदीने ब्रेक. 100 च्या वेगाला गाडी थांबायला साधारण 49 मीटर लागतात. 120 ला 71. 145 ला 103, म्हणजे क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक. शिवाय मेंदूने पायाला निरोप द्यायला एक सेकंद घेतला तर त्यात आणखी 40 मीटर जातात. वेग दीडपटसुद्धा झाला नाही आणि अंतर दुपटीच्या वर गेलं, कारण इथे वेगाचा वर्ग मोजला जातो. हे आपण दहावीला शिकलो, मार्कही मिळवले आणि काटई नाक्यावर विसरलो.

आता माझीही अब्रू काढतो, म्हणजे समतोल राहील :-)

चार वर्षांपूर्वीचा पावसाळा. कल्याण-मुरबाड रस्त्याने माळशेजला निघालो होतो. बायको शेजारी, मुलगी मागे. माझाही 'हात बसलेला' होताच, दहा-बारा वर्षं डोंबिवली ते ठाणे रोज गाडी नेत होतो ना! घाटात एका डाव्या वळणावर जरा जास्तच वेगात शिरलो. मधेच लक्षात आलं, घाबरून ब्रेक दाबला, आणि गाडीने वळायचं सोडून सरळ समोरच्या लेनमध्ये तोंड घातलं. समोरून काही आलं नाही. बस्स, एवढंच. यात माझं कर्तृत्व शून्य. तरी घरी पोचल्यावर मी काय सांगितलं असेल? "हात बसलाय म्हणून वाचलो!" बायको काही बोलली नाही. पण तेव्हापासून घाट आला की तिचा हात खिडकीवरच्या हँडलला.

ते वळण डोक्यातून जाईना. शेवटी एका मित्राच्या नादाने चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ट्रॅक डेला गेलो. 1990 पासूनचा ट्रॅक, साधारण 3.7 किलोमीटरचा. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. वीस-वीस मिनिटांची सत्रं, आधी झेंड्यांचं शिक्षण (पिवळा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद, लाल म्हणजे सत्र थांबलं, हळूहळू पिटमध्ये या), बाहेर पळायला मोकळी जागा आणि शेजारी प्रशिक्षक. पहिल्या दोन-तीन चकरांनंतर त्याने मला एकच प्रश्न विचारला: ब्रेकवरचा पाय नेमका कुठे काढलास? मला सांगता येईना. इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये मी आठ काढला, रिव्हर्स घेतला, लायसन्स खिशात घातलं. जोरात ब्रेक मारून कुणी दाखवला नाही, मारूही दिला नाही.

मग त्याने माझी पुढची काही लॅप्स एकाच गिअरमध्ये आणि ब्रेकला हातसुद्धा (पायसुद्धा!) न लावता करून घेतली. आधी अपमान वाटला. मग हळूहळू कळलं की ब्रेक नसला की माणूस वळण येण्याआधीच त्याच्याकडे बघायला लागतो. लहानपणी सायकल शिकताना खड्ड्याकडे बघितलं की सायकल खड्ड्यातच जायची, आठवतंय? गाडीचंही तेच. नजर वळणाच्या शेवटाकडे, हात आपोआप मागून येतात. मी बॉनेटच्या पुढे वीस फूट बघत होतो, म्हणून स्टिअरिंगला सारखे हिसके.

आणि माळशेजचं उत्तर दुपारी मिळालं. टायरकडे द्यायला पकड ठराविकच असते. सगळी ब्रेकला दिली तर वळायला काय उरणार? म्हणून नवशिक्याने ब्रेकचं काम गाडी सरळ असतानाच उरकायचं, मग वळायचं, आणि स्टिअरिंग सरळ व्हायला लागलं की मगच हळूहळू ॲक्सिलरेटर. वळणात ब्रेक हळूहळू सोडत जाण्याची करामत असते, पण ती पुढच्या इयत्तेची. पहिल्या दिवशी नाही म्हणजे नाही. मी फोनवर लॅपच्या वेळा नोंदवत होतो. त्यातला सगळ्यात कमी आकडा बघून खूश व्हायचं नसतं, हे तेव्हा कळलं. बघायचं ते लॅप-लॅपमधलं अंतर. एक लॅप झकास आणि पुढची चार सेकंदांनी मागे, म्हणजे ती झकास लॅप लागलेली लॉटरी होती. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. अख्खी फाईल बदलून कुणी डिबग करतं का?

आता दुसरी जमात. हे घोडबंदरवर गायमुखला रात्री भेटतात. यांचा सगळा विश्वास सामानावर: एक्झॉस्ट, इंजिनाचं रिमॅपिंग, मोठे अलॉय. कोइम्बतूरच्या एस. करिवर्धन यांनी मारुती 800 चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती नावाच्या एकआसनी रेसगाड्या बनवल्या होत्या. हो, तेच 796 सीसीचं, जे आपल्या काकांच्या गाडीत होतं. नारायण कार्तिकेयन सुरुवातीच्या काळात त्या चालवायचा, आणि 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेला तो पहिला भारतीय ठरला. ताकद कमी असली की चूक लपत नाही. वळणात वेग घालवला की तो सरळ रस्त्यावर परत विकत घेता येत नाही. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या टायरमध्ये घाला आणि ब्रेक ऑइल बदला. जुनं ऑइल हवेतलं पाणी पितं, तापलं की उकळतं, आणि मग पेडल भुसकन खाली जातं. एक्झॉस्टचा आवाज तेव्हा काही कामाचा नाही.

"पण हे सगळं पैसेवाल्यांचे चोचले" हा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. ठाणे-कल्याण-डोंबिवलीत असा ट्रॅक नाही, चेन्नई तेराशे किलोमीटर, रजा, पेट्रोल, हॉटेल. शिवाय नेहमीच्या विमा पॉलिसीत रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग वगळलेलं असतं, तेव्हा ट्रॅकवर गाडी ठोकली तर भुर्दंड आपला. मग काय करायचं? भाड्याची गो-कार्ट चालवा. हसू नका! नजर, ब्रेक, वळणाची रेषा हे सगळं तिथे तसंच्या तसं आहे. फक्त बोर्डावर नाव लावायच्या भानगडीत न पडता चालवा.

आमच्या ग्रुपवर एकाने तोडगा काढला: नेवाळीची जुनी धावपट्टी आहे ना, करा तिथे ट्रॅक! मी तिथेच भांडलो. ती जमीन दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी घेतली, ती परत मिळावी म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या भांडतायत, जून 2017 मध्ये त्यावरून जाळपोळ आणि गोळीबारापर्यंत मजल गेली. आपल्या रविवारच्या हौसेसाठी ती मागायला जीभ कशी रेटते? मागायचंच असेल तर लायसन्स देताना एक मोकळं मैदान आणि 60 च्या वेगाने एकदा पूर्ण ब्रेक मारायची सक्ती मागा. एबीएस लागलं की पेडल पायाखाली थरथरतं आणि अनेकजण नेमका तेव्हाच दचकून पाय उचलतात. हे कळायला चेन्नईला जावं लागू नये.

असो. शिर्डीवाल्या मित्राला मी हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे तू ट्रॅकवर जाऊन हळू चालवायला शिकलास?" टेबल हसलं. मीही हसलो, आणि त्याला पुढच्या रविवारी गो-कार्टिंगला बोलावलंय. अजून हो म्हणालेला नाही.

गेल्या महिन्यात पुन्हा माळशेजला गेलो होतो. तेच डावं वळण, रस्ता ओलाच. आधीच ब्रेक, मग वळण. पार झाल्यावर हळूच शेजारी बघितलं. बायको मुलीसाठी संत्रं सोलत होती. दोन्ही हातांनी.