फॉर्म तुमचा, मोबाइलही तुमचाच हवा

भिशीच्या पैशातून पूर्वी अष्टविनायक व्हायचे. त्यातले ओझर आणि लेण्याद्री तर जुन्नरकरणींच्या घरचेच! आता नारायणगाव, मंचर, घोडेगावकडच्या बायका बँकॉक आणि कोलंबोच्या गोष्टी करतात, आणि का करू नयेत? चार-सहा दिवसांची सहल, सोबत मैत्रिणी, शिवाय "व्हिसा लागत नाही म्हणे!"

हे "म्हणे" जरा तपासून घ्यायला हवं. थायलंडने नोव्हेंबर २०२३ पासून आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना व्हिसातून सूट दिली. पण व्हिसा गेला तरी फॉर्म आलाच. मलेशियाने जानेवारी २०२४ पासून आणि थायलंडने १ मे २०२५ पासून आगमनाची माहिती ऑनलाइन भरणं सक्तीचं केलं. पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांतच ती भरायची असते, आणि त्याला एक पैसाही पडत नाही. केनियाची तऱ्हा निराळी. जानेवारी २०२४ मध्ये त्यांनी व्हिसा बंद केला आणि त्याच्या जागी ऑनलाइन परवानगी आणली, फी तीस डॉलर. म्हणजे थोरली गेली, धाकटी आली! श्रीलंकेत तर अशी ऑनलाइन परवानगी २०१२ पासूनच आहे. या सवलतींना मुदत असते आणि नियमही बदलतात, तेव्हा बुकिंगचे पैसे भरण्याआधी त्या त्या देशाच्या सरकारी साइटवर एकदा बघाच.

पण आमची खरी तक्रार वेगळी आहे. हा फॉर्म भरतं कोण? बहुतेक घरांत मुलगा, नाहीतर टूरवाला. बारा जणींचे पासपोर्ट एका पिशवीत गोळा होतात आणि बाराही फॉर्मवर एकच मोबाइल नंबर, एकच ई-मेल पडतो, तोही टूरवाल्याचा. विमानतळावर तो पुढच्या रांगेत गेला किंवा त्याचा फोन बंद पडला, की क्यूआर कोड कुणाकडेच नाही. खिडकीपलीकडचा अधिकारी मात्र प्रश्न तुम्हालाच विचारणार. कुठल्या हॉटेलात उतरणार, किती दिवस, परतीचं तिकीट कुठं आहे? ऑनलाइन परवानगी हातात असली तरी आत सोडायचं की नाही हे शेवटी तोच ठरवतो. अशा वेळी "आमच्या भाऊंना विचारा" हे उत्तर चालत नाही.

खरी मेख असते नावात. पासपोर्टवर आडनाव एका ओळीत असतं आणि दुसऱ्या ओळीत तुमचं नाव. आपल्या पद्धतीप्रमाणे त्या ओळीत नवऱ्याचं किंवा वडिलांचंही नाव जोडलेलं असतं. फॉर्म भरणारा घाईत नवऱ्याचं नाव गाळतो, नाहीतर आधारवरचं स्पेलिंग टाकतो. तुमचं मधलं नाव काय असावं यावर वाद नंतर घाला, फॉर्ममध्ये पासपोर्टवर आहे तेच, त्याच स्पेलिंगने गेलं पाहिजे. फोटोच्या पानावर तळाशी दोन लांबलचक ओळी असतात, त्यावरून पडताळून बघा. पासपोर्ट नंबरात आधी एक अक्षर आणि मग सात आकडे असतात. शून्याच्या जागी इंग्रजी 'ओ' पडला की फॉर्म वाया. आणि मुदत? परतल्यावर नव्हे, पोहोचताना किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते बघा.

दुसरा धोका खोट्या साइटचा. गुगलवर शोधलं की वरती जाहिराती येतात, झेंडा आणि शिक्का अगदी सरकारीसारखा, आणि फुकटच्या फॉर्मला हजारो रुपये मागतात. पैसे जातात ते जातात, पासपोर्टचा फोटोही भलत्याच्या हाती जातो. थायलंडच्या सरकारी साइटचा पत्ता 'गो डॉट टीएच'वर संपतो, श्रीलंकेचा 'गव्ह डॉट एलके'वर. ई-सेवा केंद्रात फॉर्म भरून घेत असाल तर शेजारी बसून एवढं तरी बघा.

पशुपतिनाथाला विमानाने जाणाऱ्यांनीही बेसावध राहू नये. नेपाळला व्हिसा नाही हे खरं, पण पंधरा ते पासष्ट वयाच्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. नुसतं आधार चालत नाही.

आपला तालुका काही परक्यांना नवा नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवन दात्यांचे शिलालेख आहेत, त्यातल्या इरिल नावाच्या एकाने इथे पाण्याची दोन टाकी खोदवली. नाणेघाटातला दगडी रांजण जकातीचा म्हणून आपण पाहुण्यांना दाखवतो. येणाऱ्याला अडवून चौकशी करायची रीत तशी जुनीच, आता ती मोबाइलवर आली इतकंच.

ज्यांचा पासपोर्टच नाही, त्या "लग्नाचा दाखला नाही" म्हणून थांबलेल्या असतात. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने ही अट काढून टाकली. अर्जात आई-वडिलांपैकी एकाचंच नाव दिलं तरी चालतं, आणि घटस्फोटितेला नवऱ्याचं नाव द्यावं लागत नाही. अर्ज ऑनलाइनच भरायचा असतो. त्यावर मोबाइल नंबर मात्र स्वतःचा घाला. नसेल तर भिशीचा पहिला हप्ता त्या सिमकार्डासाठी खर्च करा.